टोल्याची अकरा मुलं

संघप्रियाने पेनाचं टोक हजेरीपटातल्या सोमारीच्या नावावर ठेवलं आणि नाव एकदाच पुकारलं.

उत्तर आलं नाही. सोमारी तिसऱ्या ओळीत, खिडकीखाली बसलेली होती. दप्तर मांडीवर, दोन्ही हात दप्तरावर, नजर सरळ बाईंच्या कपाळावर. तिची रीत सगळ्या वर्गाला ठाऊक होती. आपलं नाव आलं की गप्प राहायचं आणि बाई पुढच्या नावावर गेल्या की मध्येच ‘हाजर’ म्हणायचं. मग बाईंना खोडून पुन्हा लिहावं लागे. जूनपासून हजेरीपटातली तिच्या नावापुढची घरं खाडाखोडीने काळपट झाली होती.

संघप्रियाने लाल पेन उचललं आणि आजच्या घरात ‘गै’ लिहिलं.

“साधना.”

“हाजर, बाई.”

“हाजर,” सोमारी म्हणाली.

संघप्रियाने मान वर केली नाही. “बिरजू.”

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. बिरजूने हजेरी दिली. पुढची नावं नेहमीपेक्षा भराभर झाली.

चंद्रपूरच्या प्रशिक्षणात एका बाईंनी सांगितलं होतं की, एखादं मूल नावडतं झालं तर त्याच्याबद्दल रोज एक चांगली गोष्ट लिहायची. संघप्रियाने ते मनावर घेतलं होतं. वनस्पतिशास्त्र शिकताना ती जशा नोंदी ठेवायची, तशाच तारखेसह तिने याही ठेवल्या. १२ ऑगस्ट: तेरापर्यंत पाढे पाठ. १९ ऑगस्ट: जेवताना सगळ्यात शेवटी वाढून घेते. ३ सप्टेंबर: माशाच्या चित्रात पर मोजून काढते. त्यानंतरची पानं कोरी होती. आधीच्या तीन नोंदी खऱ्या होत्या, पण त्यांनी काहीच बदललं नव्हतं. व्हरांड्यात सोमारीची पावलं वाजली की संघप्रियाचे खांदे आपोआप ताठ होत.

संघप्रियाच्या वडिलांच्या लहानपणी त्यांचे मास्तर त्यांची वही हाताने परत देत नसत, लांबून फेकत. ही गोष्ट ऐकत ती मोठी झाली होती आणि ती ऐकूनच शिक्षिका झाली होती. म्हणून ती सोमारीची वही मुद्दाम हातात घ्यायची. येता-जाता तिच्या डोक्यावरून मुद्दाम हात फिरवायची. सोमारी दर वेळी डोकं काढून घ्यायची. त्या हातात काय आहे ते पोरीला नेमकं कळत होतं.

मुख्याध्यापक दोन दिवस गोंडपिपरीला बैठकीला गेले होते. शाळा तिच्या एकटीवर होती.

दुपारच्या जेवणानंतर पोरं हात धुऊन आत आली आणि पहिली आरोळी अमरची उठली.

“बाई, सोमारीनं प्रयोग खाल्ला!”

खिडकीच्या कट्ट्यावर तेवीस कागदी कप आज मोजणीसाठी ओळीने मांडलेले होते. प्रत्येकावर एकेका मुलाचं नाव होतं, आत कापूस आणि पाच-पाच मटकीचे दाणे. कोणाला पाणी द्यायचं, कोणाला द्यायचं नाही, कोणाचा कप अंधारात ठेवायचा, हे सगळं ठरवून आज पाचवा दिवस होता. मोड पट्टीने मोजून ते फळ्यावर लिहायचे होते. बावीस कपांत आता फक्त कापूस होता. सोमारीच्या स्वतःच्या कपातले पाच दाणे तेवढे जागच्या जागी होते.

“भूक लागली होती का तुला? खिचडी पुरली नाही?”

सोमारीने नकारार्थी मान हलवली.

“मग का खाल्लंस?”

“मोड आले होते,” सोमारी म्हणाली.

“तिच्या पोटात झाड उगन आता,” बिरजू म्हणाला आणि वर्ग हसला. सोमारीही हसली. संघप्रियाने तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. त्या हसण्याने तिच्या कानांमागे उष्ण काहीतरी चढलं.

“सोमारी,” ती अगदी हळू, स्पष्ट आवाजात म्हणाली, “तू आज गैरहजर आहेस. गैरहजर मुलं वर्गात नसतात.”

हसणं थांबलं. सोमारीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग दप्तर उचललं आणि दाराकडे निघाली. उंबऱ्यापाशी थांबून तिने मागे पाहिलं, पण बाईंनी खडू हातात घेतला होता.

थोड्या वेळाने संघप्रियाने खिडकीतून पाहिलं. सोमारी हातपंपाच्या ओट्यावर बसून पाय हलवत होती. तिने पुन्हा पाहिलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. ओटा रिकामा होता. कुंपणाच्या तुटक्या जागेतून एक छोटी पाठ बाहेर पडत होती. डोक्यावर दप्तर होतं आणि पावलं नाल्याच्या पायवाटेला लागली होती.

वळून येईल, संघप्रियाने स्वतःशी म्हटलं. मग ती फळ्याकडे वळली आणि गुणाकाराचं उदाहरण शेवटपर्यंत सोडवलं.

शाळा हल्ली साडेतीनलाच सुटत होती. तीन आठवड्यांपूर्वी टोल्याच्या, म्हणजे नाल्यापलीकडच्या वस्तीच्या, शिवारात वाघाने धान कापणाऱ्या एका बाईला नेलं होतं. तेव्हापासून टोल्याची मुलं एकटी जात नव्हती. वनखात्याने गावातल्या चार-पाच जणांना शिट्ट्या आणि काठ्या दिल्या होत्या. त्यांतला खुशाल रोज येऊन मुलांना रांगेत नेऊन पोचवायचा. काम पक्कं ठरलेलं होतं. बाईंनी हजेरीपटातून आकडा सांगायचा, खुशालने डोकी मोजायची, दोन्ही जुळले की रांग निघायची.

“किती बाई?” खुशालने फाटकातून विचारलं.

टोल्याची मुलं बारा होती. संघप्रियाने उघड्या पटावर बोट ठेवलं आणि ते सावकाश खाली नेलं.

“अकरा.”

खुशालने काठीच्या टोकाने हवेत एकेक डोकं टिपलं. “नऊ, दहा, अकरा. जुळलं.”

“बाई, सोमारी...” अमर म्हणाला.

“ती आज गैरहजर आहे.”

अमरने बाईंकडे पाहिलं, मग खुशालकडे. मग पायाने एक खडा उडवला आणि रांगेत शिरला. टोल्याला तलावावरून वळसा घालून जाणाऱ्या रस्त्याच्या वळणापर्यंत शिट्टी ऐकू येत राहिली.

संघप्रियाने कप गोळा केले. बावीस कप एकात एक बसवले. सोमारीचा कप हातात घेऊन ती जरा वेळ उभी राहिली आणि तो तसाच कट्ट्यावर ठेवला. मग हातपंपापर्यंत गेली, कुंपणापर्यंत गेली. पलीकडे सागाची कोवळी झाडी होती, तिच्यामागे नाल्याचा उतार. तिने हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारली नाही. घरी पोचली असेल आतापर्यंत. पाऊण तासात कोणीही पोचतं.

चार वाजून पाच मिनिटांनी खुशाल सायकलवरून परत आला. मागे कॅरिअरवर इस्तारी होता, सोमारीचा बाप. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर अजून ओलं जाळं.

“बाई, सोमारी आली नाई का आज?” इस्तारी सायकल थांबायच्या आधीच उतरला. “रोज रांगेतून तलावाच्या पाळीवर माह्याकडं येते. आज नाई आली. ह्याले इचारलं तं म्हन्ते, अकराच होते.”

“बाईनं अकरा सांगतले, मी अकरा मोजले,” खुशाल म्हणाला.

पट टेबलावरच होता. संघप्रियाने तो उघडून त्यांच्याकडे फिरवला.

“इथे ‘गै’ आहे,” ती म्हणाली.

इस्तारीला वाचता येत नव्हतं. तरी तो त्या लाल अक्षराकडे बघत राहिला. “घरून तं निघाली होती. माय तिची कापनीले गेली, मीच वेनी घालून देल्ली सकाळी.”

“म्हंजे शाळेत पोचलीच नाई,” खुशाल म्हणाला, आणि त्याचा आवाज उतरला. “सकाळपासून, भाऊ. तलावाच्या खालच्या अंगानं पाहा लागन.” त्याने खिशातून फोन काढला. इस्तारीने जाळं तिथेच टाकलं. दोघे फाटकातून उजवीकडे पळाले, तलावाच्या रस्त्याने, नाल्याच्या अगदी उलट दिशेला.

संघप्रिया पटासमोर उभी राहिली. तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पानावर जे होतं तेच वाचून दाखवलं होतं. घड्याळात चार वाजून आठ मिनिटं झाली होती. सेकंदाचा काटा खाली उतरला, वर चढला. ते दोघे तलावाकडे शोधतील, काही सापडणार नाही. सोमारी नाल्याकडून आपली आपण घरी पोचेल आणि मग कोणालाच काही सांगावं लागणार नाही. काटा पुन्हा उतरला. दूर, तलावाच्या बाजूला, एका माणसाची हाक ऐकू आली. हाक लांबत गेली आणि मध्येच तुटली.

घड्याळात चार-बारा झाले तेव्हा संघप्रिया अनवाणी पळत सुटली.

“खुशालभाऊ! खुशालभाऊ!”

तलावाच्या बांधाशी, पाळीच्या सुरुवातीलाच, ते दोघे थांबले.

“ती आली होती.” तिला धाप लागली होती. “चुकून... माझ्या हातून चुकून ‘गै’ पडला. दुपारी लवकर निघाली ती. नाल्याकडून.”

इस्तारी तिच्या बाजूने पळाला आणि त्याच्या अंगाचा चिखल तिच्या बाहीला लागला.

नाल्यात पाणी घोट्याएवढंच होतं. काठच्या ओल्या रेतीत उघड्या पायांची लहान पावलं पलीकडे गेलेली होती. मध्येच पोर थांबून पाण्याशी खेळल्याचंही दिसत होतं. पलीकडच्या काठावर एका लहान पावलाची टाच गायब होती. तिच्यावर दुसरा एक पाय पडला होता, रुंद, चार बोटांचा, नखांशिवाय. खुशाल खाली बसला. त्या ठशात कडेने पाणी झिरपत होतं. तळ अजून भरायचा होता.

“आत्ताच,” तो कुजबुजला. “पाच-सात मिनिटं.”

पाणी किती वेगाने भरतं, ते संघप्रियाने पाहिलं. तिने हिशेब करायचा नाही असं ठरवलं, तरी तो होऊन गेला.

खुशालने शिट्टी फुंकली. इस्तारीने कोणाच्या तरी बांधावरचा पत्र्याचा डबा उचलला आणि काठीने बडवायला लागला. उभ्या धानात, दोन शेतं पलीकडे, राखणीचा माळा होता. चार लाकडी बल्ल्या, वर धानाच्या तणसाचं छप्पर. माळ्यावर सोमारी बसली होती. गुडघे छातीशी, दप्तर गुडघ्यांवर. ती रडत नव्हती. बापाने दोनदा नाव घेतलं तरी हलली नाही. माळ्याभोवतीचं धान एका गोल रेषेत आडवं झालेलं होतं.

इस्तारीने तिला उतरवलं, तिचे हात-पाय चाचपले, मान चाचपली. मग तो तिला घेऊन बांधावरच बसला.

“बाई,” थोड्या वेळाने तो म्हणाला, “तुमी सांगतलं म्हनून इकडं आलो. नाई तं तलावच चाळत बसलो असतो.”

“माझ्यामुळेच...”

“होते, बाई. एवढे लेकरं तुमच्याकडं. एखांदं अक्षर चुकते.”

सोमारी बापाच्या खांद्यावरून बाईंकडे पाहत होती.

उजेड होता तोवर निघणं भाग होतं. खुशाल शिट्टी घेऊन पुढे झाला. इस्तारीला डबा वाजवत मागे राहायचं होतं, म्हणून त्याने सोमारीला संघप्रियाच्या कडेवर दिलं. आठ वर्षांची पोर, तरी हलकी होती. तिने या वेळी डोकं काढून घेतलं नाही. तिचे हात बाईंच्या मानेभोवती आले आणि घट्ट झाले.

संघप्रिया चालत राहिली आणि वाट बघत राहिली. आता काहीतरी सुटेल, असं तिला वाटत होतं. गळा दाटेल, पोर आपली वाटेल, निदान तिचे केस हुंगावेसे वाटतील. एक बांध गेला, दुसरा गेला. पोर जिवंत होती आणि तिला मनापासून हायसं वाटत होतं. पण त्या हायशा वाटण्याखाली सकाळचं ते जुनं काहीतरी होतं तिथेच होतं. तिचे खांदे ताठ होते.

“खुशालभाऊ,” ती म्हणाली, “उद्यापासून मला आकडा विचारू नका. आधी मुलांनाच विचारा, आज कोण कोण आलं होतं. मग मी सांगेन.”

“काऊन बाई?” खुशाल मागे न वळता हसला. भीती उतरल्यावर माणूस हसतो तसा. “तुमच्यावर साऱ्या टोल्याचा भरोसा हाय.”

संघप्रियाच्या मानेवरचे हात जरा सैल झाले. सोमारीने डोकं मागे घेतलं आणि बाईंच्या तोंडाकडे अगदी जवळून पाहू लागली. बाई आता काय बोलतात ते तिला ऐकायचं होतं.

मागे डबा वाजत होता. पुढे, धानाच्या शेतांपलीकडे, टोल्याची पहिली कौलं दिसली. संघप्रियाने पोर दुसऱ्या कडेवर घेतली आणि तिथपर्यंत अजून किती पावलं असतील याचा ती अंदाज बांधू लागली.