धाकटीचा उशिरा आलेला श्वास

धाकटीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं, असं सर्जन सांगून गेले आणि थोरलीने हुश्श केलं. पण दुपार कलली तरी धाकटीला बाहेर आणेनात. शिवणकाम अर्धवट टाकून आलेल्या थोरलीचा जीव टांगणीला लागला. शेवटी भुलीच्या डॉक्टरबाई स्वतःच बाहेर आल्या.

"घाबरू नका, बहीण सुखरूप आहे. फक्त तिचे स्नायू अजून सैल आहेत, म्हणून मशीनने श्वास देतोय. तिला झोपेतच ठेवलंय. काही जाणवत नाहीये तिला."

"पण असं झालं कशानं?"

बाई बाकावर तिच्या शेजारी टेकल्या. "घशात नळी घालायला स्नायू सैल करणारं औषध देतो. रक्तातलं एक एन्झाइम ते तोडतं, म्हणून काही मिनिटांत त्याचा असर जातो. या एन्झाइमचं एक भावंड आहे, मज्जातंतू स्नायूला भेटतो तिथे. दोघांची घडण जवळपास सारखी. आत खोल घळ आणि तळाशी तोडायची जागा. पण भावंडाची घळ अरुंद. मज्जातंतूकडून येणारा छोटा रेणू तिथे नीट बसतो, हे लांबलचक औषध मात्र बसत नाही. रक्तातल्याची घळ ऐसपैस, म्हणून हे काम त्याचंच."

"आणि हिचं तेच बिघडलंय?"

"तसा माझा अंदाज आहे. घळीच्या तोंडाशी एन्झाइमच्या साखळीतला एखादा दुवा जन्मतःच वेगळा असतो. तेवढ्यानं औषध धरता येत नाही. एरवी आयुष्यात काही म्हणता काही अडत नाही. औषध आपोआप उतरेल, जरा सावकाश. तोवर मी आहे तिच्यापाशी."

आणि खरंच, ड्यूटी संपली तरी बाई धाकटीजवळून हलल्या नाहीत. दिवेलागणीला धाकटीची बोटं हलली, मग छाती आपली आपण वरखाली होऊ लागली. नळी निघाल्यावर थोरलीला आत बोलावलं, तेव्हा घोगऱ्या आवाजात धाकटीने विचारलं, "ताई, जेवलीस का गं?"

थोरलीला हसू फुटलं आणि रडूही. तिने बाईंचे हात घट्ट धरले. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"दोघींचं रक्त तपासून घ्या. सख्ख्या बहिणीतही हा दोष असू शकतो."

निघालाच. पुढच्या वर्षी थोरलीच्या पित्ताशयातले खडे काढायचे ठरले, तेव्हा त्याच बाईंनी वेगळं औषध वापरलं, ज्याला या एन्झाइमची गरजच नव्हती. थोरली वेळेवर शुद्धीवर आली. उशाशी धाकटी बसली होती.

"तू आधी भोगलंस, म्हणून मी सुटले गं," थोरली पुटपुटली.

"जन्मात एकदा तरी तुझ्या आधी नंबर लागला माझा!"

"हसवू नकोस मेले, टाके ओढतात," असं म्हणत थोरलीने तिचा हात गालाशी धरला. बाई दारातूनच हसल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.