हापशाचं लाल पाणी

रेवणसिद्ध आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोन महिन्यांची रजा काढून बायको-पोरीसह गावी आला, तेव्हा लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं आणि पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा दगा दिला होता. निलंग्याकडचं ते गाव. गावातल्या विहिरी आटलेल्या. नवा जिल्हा झाल्यावर बसवलेला एक हापसा तेवढा पाणी देत होता.

रेवणसिद्धची नोकरी दूर परमुलखात, अणुभट्टीवर होती. भट्टी थंड ठेवणारं पाणी पाइपांतून अखंड फिरतं. त्यातला प्राणवायू काढून घ्यायचा, पाणी किंचित क्षारधर्मी ठेवायचं, म्हणजे लोखंडाला आतून पातळ काळा थर धरतो आणि तोच गंज रोखतो. तो थर टिकतोय का, हे बघण्यात त्याची अकरा वर्षं गेली होती. गावाला मात्र एवढंच ठाऊक होतं की हा अणूच्या कारखान्यात असतो.

तो आल्यावर आठव्या दिवशी हापशाला लाल पाणी आलं. चहा काळा पडू लागला, धोतरांवर डाग उठले.

थोरला भाऊ बसलिंगप्पा जेवताना म्हणाला, "लोक बोलायलेत, रेवण. तू हात लावल्यापासून झालं म्हणतेत."

"अण्णा, पाणी खोल गेलंय. पाइप अर्धा उघडा पडला, त्याला हवा लागायली. गंज हाय तो. उद्या दाखवतो सगळ्यांना."

सकाळी हापशाजवळ गाव जमलं. रेवणसिद्धनं स्वतः दांडा धरला. पहिली बादली विटेसारखी लाल आली. दुसरी, तिसरीही तशीच. "रातभर पाइपात थांबलेलं पाणी हाय हे. उपसत राहिलं की साफ येईल," तो म्हणाला. दमल्यावर त्यानं दांडा शेजारच्या दगडोबाच्या हाती दिला. दगडोबानं दहा-बारा वेळा हापसलं आणि नितळ पाणी पडू लागलं.

रेवणसिद्ध हसून लोकांकडे वळला. कुणीच हसत नव्हतं.

"ह्यानं हात काढला अन् साफ आलं," मागून एक बाई म्हणाली.

त्यानं पुन्हा समजावलं. ऐकायला कुणी थांबलं नाही.

लातूरहून पाणीपुरवठ्याचे साहेब आले. रेवणसिद्धनं त्यांना सगळं सांगितलं. साहेब त्याला देवळामागं घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पाइप हलक्या प्रतीचा बसलाय, जस्ताचा मुलामा नावालाच आहे. पण बसवताना सही माझी आहे. तुम्ही काय, चार दिवसांनी जाल."

मग लोकांपुढं येऊन त्यांनी सांगितलं, "पाणी तपासायला पाठवतो. तोवर यांच्या घरच्यांनी हापशाला हात लावू नये."

त्या दिवसापासून रेवणसिद्धची बायको रुद्राणी दोन कोसांवरच्या मळ्यातल्या विहिरीतून पाणी आणू लागली. पोरगी कडेवर, घागर डोक्यावर. एका दुपारी वेशीत चतुराबाईनं तिला अडवलं. हीच चतुराबाई बाळंतपणात रुद्राणीला रोज तेल लावायला यायची. तिनं घागरीला हात घातला आणि ती मातीत उपडी केली. "त्या मळ्याला बी डाग लावतीस का?" एवढंच म्हणाली. पोरगी खाली उतरून ओल्या मातीत बसली आणि तळव्यानं पाणी गोळा करू लागली.

संध्याकाळी आई, दानम्मा, डोळ्यावरची पट्टी सांभाळत त्याच्याजवळ आली.

"रेवण, तू जा."

"अव्वा, तुझ्या डोळ्यात औषध कोण घालंल?"

"घालंल कुणी बी. तू हायस तोवर मला बी कुणी पाणी देत न्हाई. सकाळपासून घोट न्हाई पोटात." वळताना ती म्हणाली, "पोरीला आधी न्हे."

रजा महिनाभर शिल्लक असताना तिघं निघाले. मोटारीपर्यंत पोचवायला कुणी आलं नाही.

तीन आठवड्यांनी बसलिंगप्पाचं कार्ड आलं. हापशाला साफ पाणी येतंय. लोक म्हणतात, रेवण गेला आणि पीडा टळली. अव्वाला आता आधी भरू देतात.

रुद्राणीनं कार्ड दोनदा वाचलं. "पाइप बदलला असंल. तुम्ही कळवा त्यांना. गावात वाचून दाखवू द्या."

त्यानं चार पानी पत्र लिहिलं, साध्या शब्दांत, पाइपाचं चित्र काढून. शेवटी लिहिलं, 'अण्णा, हे चावडीत वाच.'

उत्तर आलं ते कार्डावर, मोजक्या ओळींचं. 'पाइप बदलला हे मला ठाऊक हाय. साहेबानं दुपारी गाव निजलेलं असताना माणसं आणली, जुना पाइप मीच धरून वर काढला. आतून सगळा खाल्लेला होता. पण आता ही गोष्ट लोकांपुढं काढून कुणाचं भलं? अव्वा सुखात हाय. तू दिवाळीला येऊ नको.'

रुद्राणीनं विचारलं, "काय लिहिलंय?"

"अव्वाचा डोळा बरा हाय म्हणे," रेवणसिद्ध म्हणाला आणि पाळीवर जायला निघाला.