बोगनवेलीची तहान

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांच्या धामधुमीत कालिंदीचं लग्न झालं आणि ती गिरगावच्या चाळीत आली. येताना माहेरची एक बोगनवेल घेऊन आली. बुंधा मनगटाहून जाड आणि उंची जेमतेम गुडघ्याएवढी, अशी ती वेल तिच्या वडिलांनी उथळ कुंडीत वाढवली होती. वडील वेंगुर्ल्याचे, बोटीवर खलाशी. जपानच्या बंदरात त्यांनी ताटाएवढ्या कुंड्यांत म्हातारी झाडं उभी पाहिली होती. अझेलिया नावाचं झुडूप तिथली माणसं बहर ओसरला की पार बोडकं करतात आणि उघड्या लाकडातून ते पुन्हा फुटतं, असं ते सांगत. आता वडील नव्हते. त्यांच्या हातचं एवढंच उरलं होतं.

चाळीत मात्र वेलीचं रान झालं. फांद्या गॅलरीभर धावल्या. वाळत घातलेली लुगडी काट्यांत अडकू लागली. पानं हिरवीगार, पण फूल म्हणून एक नाही.

माघात मुंबईसह महाराष्ट्र होणार हे पक्कं झालं आणि शेजारच्या रमाकांतने त्या दिवसाच्या तोरणांची, कंदिलांची आखणी सुरू केली. चाळीचं सगळं कार्य तोच बघायचा. धोतराचा सोगा काट्यातून सोडवत तो म्हणाला, "वहिनी, राज्य येईल त्या दिवशी या झाडाला फुलं दिसली तर राहील. नाहीतर मी स्वतः खाली नेऊन टाकणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी कालिंदीने बुंध्यावरून हात फिरवला. आजारी झाडाला हत्यार लावायचं नाही, अंगात जोर असेल तेव्हाच लावायचं, असं वडील बजावत. जोर तर भरपूर होता. नवऱ्याने, जगदीशने, करवत आणून दिली. तिने एकेक फांदी बुंध्याजवळ बोटभर ठेवून तिरकी उतरवली आणि जखमांवर शेणात हळद कालवून लेप दिला. उरला तो नुसता खुंट. बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून बायका येऊन बघून गेल्या, मयताला आल्यासारख्या हळू आवाजात. सासूबाई, राधाबाई, भिंतीकडे तोंड करून बसल्या. भरल्या घरात हिरवं झाड कापतात, असल्या सुनेला काय म्हणावं, हे त्या भिंतीलाच विचारत होत्या.

होळीच्या सुमाराला खुंटाला लाल ठिपके आले. कोंबड्याच्या तुऱ्यासारखे. ठिपक्यांचे कोंब झाले, कोंबांच्या डहाळ्या झाल्या. कालिंदीने शेंडे खुडून झाडाला गोल आकार दिला आणि पाणी तोडलं. पानं मान टाकतील तेव्हाच तांब्याभर द्यायचं, ही वडिलांची रीत. पण पानं मान टाकीनात. उलट तुकतुकीत होऊन पसरली. पाडवा गेला, कळीचा पत्ता नाही. राज्याचा दिवस ठरला, एक मे. तिने मातीत बोट घातलं. भर दुपारी माती ओली.

दुसऱ्या दिवशी नळ यायच्या वेळेला ती दाराआड उभी राहिली. नवं पाणी भरताना कालचं शिळं पाणी मोरीत ओतायचं नाही, कुठल्या तरी झाडाच्या मुळाशी घालायचं, ही चाळीची जुनी चाल. राधाबाईंनी तांब्या ओतला. मागून पलीकडच्या शेवंतीने कळशीचा तळ रिकामा केला. आणि शेवटी खुद्द रमाकांत आला, इकडेतिकडे बघत त्याने फुलपात्र उपडं केलं. इतकी वर्षं सगळी गॅलरी पुण्य करत होती आणि वेल पुण्यात बुडत होती.

रमाकांत आत गेल्यावर कालिंदी पुढे आली.

"तहानलेल्याला पाणी घातलं, गुन्हा केला का गं?" राधाबाईंनी आधीच विचारलं.

"आई, पोट भरलं की ही पानं काढत बसते. जिवावर बेतल्याशिवाय फुलायची नाही. माझ्या बाबांचं एवढंच आहे हो माझ्याकडे."

राधाबाईंनी रिकाम्या तांब्याकडे पाहिलं. मग आतून पाट आणला आणि कुंडीशेजारी ठाण मांडलं. त्या दिवसापासून पहाटे पाण्याच्या वेळेला त्यांचा पहारा. शेवंतीला त्यांनी प्रेमाने परतवलं. रमाकांतला मात्र ऐकवलं, "तुझं पुण्य तुझ्या मोरीत ओत बाबा. इथे उपास चाललाय."

पानं लोंबली. काही गळाली. राधाबाईंना बघवेना, तरी त्या हलल्या नाहीत. आणि एका सकाळी डहाळीच्या टोकाला नखाएवढा गुलाबी रंग दिसला. मग दुसऱ्या टोकाला. आठवडाभरात पान शोधावं लागेल अशी वेल भरली. एवढंसं झाड, पण गल्लीच्या तोंडाशी उभं राहून पाहिलं तरी डोळ्यांत भरायचं. बुगडीएवढं एकेक फूल, हजारांनी. राधाबाई जात्यावर बसल्या आणि स्वतःचीच ओवी जुळवून म्हणू लागल्या:

सून माझी गं कठोर, झाड ठेविलं तहानलं
तिच्या कठोर हातानं, दार गुलालानं न्हालं

एक मेच्या सकाळी रमाकांत नवी टोपी घालून दारात आला. तोरणं झाली होती, पण चाळीच्या दरवाज्याशी मांडलेलं टेबल ओकंओकं दिसत होतं. घसा साफ करत तो म्हणाला, झाड खाली न्यावं म्हणतो.

"टाकायला?" राधाबाईंनी विचारलं.

"मावशी, असं काय करता? मिरवायला."

कालिंदीने पदर खोचला. "न्या ना भाऊजी. पण संध्याकाळी परत इथेच आणून ठेवायचं. आणि मग कायम इथेच."

"कायम," रमाकांत म्हणाला. सगळ्या गॅलरीने ऐकलं.

त्याने कुंडी छातीशी धरली. काटे सदऱ्यात घुसले, पण तो हूं की चूं न करता जिना उतरला. खाली लालबागकडून आलेली मिरवणूक वळणावर थांबली होती. लेझीम खाली ठेवून माणसं टेबलाभोवती जमली. हे कुणाचं, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा रमाकांतने तोंड उघडायच्या आत वरच्या गॅलरीतून राधाबाईंचा खणखणीत आवाज आला, "आमच्या कालिंदीचं!"

खालच्या सगळ्या माना वर झाल्या. कालिंदी कठड्याला टेकून उभी होती. ती आत पळाली नाही.