बॅटीची भिंतीकडची बाजू

जोब टॅपिंगने जवसाच्या तेलात फडकं बुडवलं, पिळलं आणि खुंट्यांवरून उतरवलेली बॅट मांडीवर आडवी घेतली. दर एप्रिलचं हे काम, यंदा अठ्ठाविसाव्यांदा. जुन्या पॅव्हेलियनमध्ये मात्र शेवटचं. दुपारी बॅट नव्या इमारतीत जाणार होती.

दारात एव्हरार्ड विंडल येऊन उभे राहिले. या मैदानावरचं त्यांचं एकुलतं एक शतक याच बॅटीचं. हॅम्बलफोर्डात विंडल म्हटलं की लोकांना तेवढंच आठवायचं. बाकीची पंधरा वर्षं ते काय खेळले, हे न विचारलेलंच बरं.

“तेच तेल का रे, टॅपिंग?”

“तेच, साहेब. वासच सांगतो की.”

त्या वासाबरोबर सबंध उन्हाळा परत आला. कापलेलं गवत, बिअरचा तंबू, आणि साहेबलोक विरुद्ध पगारी खेळाडू असा दरवर्षीचा सामना. साहेबलोक मोठ्या फाटकातून उतरायचे, जोबसारखे पगारी लोक अवजारांच्या खोलीशेजारच्या छोट्या फाटकातून. काय दिवस होते ते, असं विंडलना वाटलं, आणि लगेच शतकाचा दिवसही आठवला.

“त्या दिवशी तू आमचे आठ गडी घेतले होतेस.”

“नऊ, साहेब.”

“नऊ. आणि मी शहाण्णववर. शेवटची जोडी.”

फडकं फिरत राहिलं.

“तुझा चेंडू माझ्या बॅटीला लागला होता, टॅपिंग. यष्टिरक्षकाने झेल घेतला, तुम्ही सगळे ओरडलात, आणि अंपायरने माझ्याकडे पाहिलं.”

“पाहणारच. साहेब बाद असला तर आपण होऊन निघतो, उभा राहिला तर नाबाद. अशी रीत. बिचारा बोट कसं वर करणार? त्याला पुढल्या वर्षीही इथंच उभं राहायचं होतं.”

“मी उभा राहिलो.”

“राहिलात. पुढच्याच चेंडूवर चौकार. फटका मात्र झकास होता हो.”

त्यानंतर पलीकडचा फलंदाज धावबाद झाला आणि जोबचे नऊ ते नऊच राहिले. डावातले दहाही गडी एकट्याने बाद करायची वेळ माणसाच्या आयुष्यात दोनदा येत नाही. जोबच्या आली नाही.

“तुला कळलं होतं?”

“आवाज मला ऐकू आला होता, साहेब.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“ते तुम्ही बोलायचं होतं.”

जोबने बॅट उलटवली. सगळं लाकूड तेल पिऊन मधाच्या रंगाचं झालं होतं. फक्त एका कडेला बोटभर जागा कोरडी, पांढरट राहिली होती आणि तिच्यावर चेंडूचा लाल डाग होता. दर वर्षी फडकं त्या जागेला वळसा घालून गेलं होतं.

ती कड भिंतीकडे राहावी अशी बॅट टांगायला विंडलनीच सांगितलं होतं.

“आता कशी टांगू, साहेब?” जोबने विचारलं.

विंडलनी खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. त्या शतकाखेरीज त्यांच्याजवळ दाखवण्यासारखं काही नव्हतं.

“तुला हवी तशी,” ते म्हणाले.

दुपारी नव्या पॅव्हेलियनमध्ये कमिटी चहाला जमली. जोब शिडीवर चढला.

“उलटी टांगलीस की, टॅपिंग,” चिटणीस मिस्टर कॉल्थर्स्ट खालून म्हणाले. “डाग दिसतोय तो. कसला आहे?”

जोबने विंडलकडे पाहिलं, त्या दिवशी अंपायरने पाहिलं होतं तसंच.

विंडलनी कप खाली ठेवला.

“टॅपिंगचा दहावा गडी,” ते म्हणाले. “मी बाद होतो.”

मग हॅट उचलून ते दाराकडे चालू लागले, कोणाच्या बोटाची वाट न पाहता.