चाळीस धाग्यांचा गोंडा

क्लिफर्डने पांढरा झगा कापायच्या टेबलावर पसरला आणि गळ्याशी लोंबणाऱ्या गोंड्यावर बोट ठेवलं.

“अंकल, हा जरा मोजा.”

गुरुदत्तने गळ्यातली टेप काढली.

“लांबी नाही. धागे मोजा.”

बावीस वर्षांच्या शिवणकामात धागे मोजायला गुरुदत्तला कुणी सांगितलं नव्हतं. कुडाळहून ओमानला आला तेव्हापासून अझैब्यातल्या या दुकानात तो ओमानी गिऱ्हाइकांचे दिशदाशे शिवत होता. पायघोळ, सरळ अंगरखा आणि गळ्याशी उजवीकडे बोटभर गोंडा. गिऱ्हाईक त्या गोंड्याला अत्तर लावी. वर्षातून एकदा मात्र दीपबंधूंचं काम येई. चर्चमधल्या, वसईकडच्या मुलांचं हे मंडळ. तेरावं वर्ष संपलं की मुलगा शपथ घेई, आणि शपथेला झगा लागे.

क्लिफर्ड यंदाचा प्रमुख, बारावीतला. त्याच्यामागे दहावीतला फ्रेडरिक इस्त्रीच्या टेबलाकडे बघत उभा होता. झगा त्याचा होता.

“अडतीस आहेत,” क्लिफर्ड म्हणाला. “मी तीन वेळा काउंट केले. पाहिजेत चाळीस.”

“कुणी सांगितलं चाळीस?”

क्लिफर्डने बॅगेतून मंडळाची एक पातळ पुस्तिका काढली. आत झग्याचं चित्र, चित्रातून निघालेले बाण आणि बाणांच्या टोकांना इंग्रजी मजकूर. तो त्याने अडखळत मराठीत सांगितला. खिसा नाही, कारण दीपबंधू स्वतःसाठी काही ठेवत नाही. बाही बोटांवर येते, कारण हात कुणावर उचलायचा नाही. गोंडा म्हणजे दिलेला शब्द. तो घशापाशी असतो, कारण शब्द तिथून निघतो. धागे चाळीस, येशूने वाळवंटात काढलेल्या चाळीस दिवसांचे. ज्याने धागा काढला त्याने शब्द परत घेतला. तो मंडळाच्या बाहेर.

“ह्याने काढलाय,” क्लिफर्ड म्हणाला. “शुक्रवारी सगळ्यांसमोर ह्याचं नाव कट होणार.”

“आधीपासनंच कमी होते,” फ्रेडरिक म्हणाला. “अंकलनी कमी लावले.”

“म्हणून तर आलोय. अंकल, तुम्ही सांगा. कमी लागू शकतात?”

प्रश्न सोपा होता. पण मुळात त्या झग्यावर गोंडा असायलाच नको होता.

सहा वर्षांपूर्वी, २००९ च्या ईदच्या तोंडावर, साठ दिशदाशे अंगावर असताना मंडळ चालवणाऱ्या बावतीस सरांनी बारा झग्यांचं काम आणलं होतं. कागदावर चित्र काढून दिलं होतं. चित्रात गोंडा नव्हता. गुरुदत्तने झगे शिवले, इस्त्री केली आणि घड्या घालताना त्याच्या लक्षात आलं की बाराही झग्यांना उजवीकडे गोंडा लागलाय. हाताची सवय, गळा संपला की गोंडा. त्याने माफीची तयारी केली होती. बावतीस सरांनी एक झगा उचलून पाहिला, “छान दिसतंय की” म्हणाले आणि घेऊन गेले. पुढच्या वर्षी नमुना म्हणून त्यातलाच एक आला. सर नंतर वसईला परतले. पुस्तिका कुणी लिहिली, कोण जाणे. आणि बाही? ती लांब ठेवायला सरांनीच सांगितलं होतं. पोरं वाढतात म्हणून.

“अंकल?”

“लागू शकतात. मी मोजत नाही.” त्याने रीळ घेतलं, दोन बोटांभोवती दोरा भराभर गुंडाळला, वर गाठ मारली, खाली कात्री चालवली. “वीस वेढे झाले तर खाली चाळीस टोकं. एकोणीस झाले तर अडतीस. हात थांबला की थांबला.”

“बघ,” फ्रेडरिक म्हणाला.

क्लिफर्डच्या कपाळावर आठी पडली. “मोजत नाही म्हणजे? माझे तर चाळीस आहेत.”

“मग तुझ्या वेळेला हात विसाव्या वेढ्याला थांबला असेल.”

इथे गप्प बसला असता तर भागलं असतं. फ्रेडरिक सुटला होता. पण क्लिफर्ड स्वतःच्या गळ्याशी बोटं नेऊन काहीतरी चाचपत होता, तिथे नुसती टीशर्टची कॉलर असताना. अर्धं सांगून थांबणं गुरुदत्तला बरं वाटेना. त्याने ईद, साठ दिशदाशे, बावतीस सर, सगळं सांगून टाकलं.

क्लिफर्डने पुस्तिकेतल्या गोंड्याच्या चित्रावर बोट ठेवलं.

“म्हणजे हा अत्तर लावायचा गोंडा आहे,” क्लिफर्ड म्हणाला.

“हो.”

“आणि मी मागच्या वर्षी पाच पोरांना शिकवलं...” त्याने पुस्तिका बंद केली, परत उघडली, परत बंद केली. “ठीक आहे. फ्रेडी, खलास. केसच नाही. चल.”

फ्रेडरिक हलला नाही.

“मी काढला होता.”

“काय?”

“धागा. चर्चमध्ये मिस्सा चालू होती. काढला तर काही होतं का, ते बघायचं होतं. मी एकच ओढला, दोन टोकं आली.” त्याने मोबाइलचं कव्हर उचकटलं. आत दुमडलेला पांढरा दोरा होता. “काही झालं नाही. पण मग तीन दिवस झोप नाही आली.”

“येड्या, मग आत्ता कशाला सांगतोस? सुटला होतास ना.”

“कशातनं? शब्द मी दिला होता. तो काय अंकलनी शिवला होता?”

“अरे, पण गोंडाच चुकून लागलाय.”

“ओढताना मला कुठे माहीत होतं?”

क्लिफर्डने गुरुदत्तकडे पाहिलं. गुरुदत्तने दोऱ्याकडे पाहिलं. गोंडा खरा होता तोवर पोरगा नाही म्हणत होता, खोटा ठरल्यावर हो म्हणतोय.

“माका काय्येक कळत नाय,” तो आपल्याशीच पुटपुटला.

“मग नाव कट करू तुझं?” क्लिफर्डने विचारलं.

“रूल आहे ना.”

“रूल आहे का, तेच तर आता माहीत नाही.” क्लिफर्ड स्टुलावर बसला. “शुक्रवारी तू सगळ्यांना धाग्याचं सांग. मग ठरवू.”

“आणि अंकलचं?”

“ते मी सांगतो.” मग म्हणाला, “कसं सांगू पण? हसतील सगळे.”

भिंतीवर नव्या मुलांचे सात झगे टांगलेले होते. शिलाई झाली होती, गोंडे राहिले होते.

“ह्यांना लावू की नको?” गुरुदत्तने विचारलं.

क्लिफर्डने त्यातल्या एका झग्याचा रिकामा गळा चाचपला. “शुक्रवारी संध्याकाळी विचारा.”

“ह्यांची शपथ सकाळी आहे ना?”

“हो.” त्याने फ्रेडरिकचा झगा घडी करून त्याच्याच हातात दिला आणि दोघं बाहेर पडले.

गुरुदत्त पहिला झगा मांडीवर घेऊन बसला. दोरा बोटांभोवती फिरू लागला तसे वेढे आपसूक मोजले जाऊ लागले. अकरावर तो थांबला. मोजून लावला तर ते ठरवून केल्यासारखं होणार, आणि न मोजता लावणं आता जमेना. त्याने दोरा सोडला आणि फोन लावला.

“क्लिफर्ड, सकाळी किती वाजता रे? मी येतो. माझं मीच सांगतो, हसले तर मला हसतील.”

त्याने मांडीवरच्या झग्याची घडी घातली.

“झगे तसेच आणतो,” गुरुदत्त म्हणाला. “रीळ पण आणतो. तुमचं काय ठरेल ते तिथेच बसून करतो.”