दहावी चिमणी

मी एक जुना बांबूचा पिंजरा आहे, मित्रांनो. मंडालेत, पॅगोड्याच्या पायऱ्यांशी माझा मुक्काम. माझी मालकीण थ्वे चिमण्या विकते. खायला नाही हो, सोडायला! अडकलेला जीव मोकळा केला की आयुष्य वाढतं, असं इथली माणसं मानतात. लोक माझं दार उघडायचे, हात जोडायचे आणि मी आपला फुशारायचो, की माझ्यासारखा पुण्यवान पिंजरा दुसरा नाही.

पण चिमण्या येतात कुठून? थ्वेचा नवरा शेतात जाळं लावतो. निम्म्या वाटेतच मरतात, उरलेल्या माझ्यात कोंबतात. सोडल्यावर त्या दमलेल्या जिवांना जेमतेम समोरच्या झुडपापर्यंत उडता येतं. संध्याकाळी पुन्हा माझ्याच पोटात! एक लंगडी चिमणी तर कितीदा तरी 'सुटली' होती. माझा तिच्यावर फार जीव होता.

एकदा खिनसान आजी नातीला घेऊन आल्या. थिरी नऊ वर्षांची, नुकतीच मोठ्या तापातून उठलेली. वयाहून एक जास्त चिमणी सोडायची, ही इथली रीत. नऊ उडाल्या. दहावी लंगडी निघाली. आजींनी डोळे मिटून ती वर फेकली आणि ती धपकन पायरीवर पडली.

"आजी, ही उडालीच नाही!"

"खाली बघू नये बाळा, अपशकुन होतो."

थिरीने तिला ओंजळीत घेतलं. "हिचा पाय मोडलाय गं. घरी नेऊ या ना, पाणी पाजू."

"आणि दहा कशा पुऱ्या व्हायच्या? तुला परत काही झालं, तर मी काय करू गं?" आजी म्हणाल्या.

"द्या इकडं मावशी, चांगली ताजी देते," म्हणत थ्वेने लंगडीला हिसकून माझ्यात टाकलं. आजींनी दुसरी उडवली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. थिरी रडत, मागे वळून वळून बघत गेली.

दिवस मावळायच्या आत लंगडी माझ्या काड्यांना टेकून मेली. थ्वेने तिला गटारात फेकलं. जागा झाली म्हणून दोन नव्या कोंबल्या.

आजी वाईट नाहीत, मित्रांनो. त्यांची माया खरी आहे, म्हणून तर मला जास्त चीड येते! त्या मायेने एकदा डोळे उघडून खाली बघायला हवं होतं. तुम्हाला माझ्यासमोर दया आली, तर चिमणी विकत घेऊ नका, सरळ पुढे चालू लागा. गिऱ्हाईक नसलं की थ्वे मला चुलीत घालेल.

घालू दे.