निळीचं विरजण

आमची नीळ झोपेत बोलायची. खोटं नाही सांगत. परसात जमिनीत पुरलेल्या रांजणात ती पहाटे हलकेच बुडबुडे सोडायची, आणि बाहेर कसब्यात धुकं असताना अंथरुणात पडल्यापडल्या मला वाटायचं, नदीच घराखालून कुजबुजत चाललीय. आम्ही निळारी, कापड निळं रंगवणारे. रांजण जिवंत तर चूल पेटती.

मामंजी, म्हणजे माझे सासरे गेनबा, मला रांजणाला झाकण उचलण्यापुरताच हात लावू देत. चुना किती, गूळ किती, नीळ आंबवायला टाकळ्याचं बी कधी, सगळं त्यांच्या डोक्यात. नवा रांजण लावायला विरजण म्हणून तांब्याभर पाणी मागायला कुणी निळारी आलाच, तर त्याला दारात उभं करत नसत. मोठे आले शहाणे.

धनी लष्कराचे तंबू रंगवायला उत्तरेत गेले आणि इकडे मामंजींना ताप भरला. तापाच्या गुंगीत त्यांनी सकाळी चुना घातला, आणि दुपारी विसरून पुन्हा घातला. मला माप ठाऊक असतं तर हात धरला असता. दुसऱ्या दिवशी बुडबुडे थांबले, वरचा जांभळा फेस गेला. नीळ मेली.

"वडिलांनी लावलेली होती," एवढंच बोलून मामंजी भिंतीकडे तोंड करून पडले. अन्नाला शिवेनात. मला त्यांचा राग राग आला आणि रडूही आलं. धनी परततील तेव्हा ना रांजण, ना बाप, असं व्हायला नको होतं.

मी तांब्या उचलला आणि शेजारच्या आनंदीकडे गेले. तिचा नवरा वारला त्या साली तिचीही नीळ मेली होती, तेव्हा आमचं विरजण मीच पदराखालून तिला नेऊन दिलं होतं. चोरी म्हणा खुशाल. टाकळ्याचं बी तिला परवडेना, म्हणून ती गव्हाचा कोंडा घालायची. तिने आपल्या रांजणातून तांब्या काठोकाठ भरून दिला.

रांजण उपसून, नवी नीळ घालून मी ते विरजण ओतलं. मापं आनंदीनेच सांगितली. मग एका पहाटे पुन्हा कुजबुज ऐकू आली, आणि मी अंथरुणातच हसले.

मामंजींनीही ती ऐकली असावी. भिंत धरत ते परसात आले. मी पंचा बुडवून वर काढला. निघाला हिरवागार, आणि वारा लागला तसा डोळ्यांदेखत निळा होत गेला. पण आमचा निळा नव्हे. जरा मऊ, खोल, दिवेलागणीला पर्वतीच्या टेकडीमागे आभाळात उतरतो तसा. मामंजींनी तो नाकाशी धरला.

"वास आपला आहे," ते म्हणाले. "रंग कुणाचा?"

"आनंदीचा. विरजण आपलंच, मी दिलं होतं तिला."

आता शिव्या पडणार, असं धरून मी उभी राहिले. त्यांनी पंचा दोरीवर वाळत घातला. मग त्यांनी पागोटं मागितलं, नीट बांधलं, आणि माझ्या खांद्यावर हात टेकून आनंदीच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबले.

"आनंदीबाई," मामंजी खाली बघत म्हणाले, "कोंडा किती घालता, मला शिकवाल का? टाकळ्याचं माप मी सांगतो." मग माझ्याकडे वळले. "मैना, तूही ऐक."